अधिक महिन्यातली आई

आष्ट्याहून मालनकाकूंचा फोन आला. त्या आमच्या माहेरच्या शेजारीण.

"सुवर्णे, तुझी आई रस्त्याच्या मधोमध बसलीया आणि तुझे दोन्ही भाऊ आपापल्या दारात हुभं राहून भांडायलेत. लवकर ये बाई, न्हाईतर ट्रॅक्टरखाली जायची."

मी सांगलीहून तशीच निघाले. गाडीतून दादाला फोन लावला. तो म्हणाला, "आमचा महिना अमावास्येला संपला." तुषारला लावला. तो म्हणाला, "आमचा अजून सुरू झालेला नाही." दोघंही खरं बोलत होते. माझे भाऊ खोटं सहसा बोलत नाहीत. खऱ्याचाच विळा करून समोरच्याला कापतात.

बाबा गेल्यावर घराची वाटणी झाली, दुकानाची झाली, न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाचीही झाली. उरली आई. ती एक महिना थोरल्या धनादादाकडे, एक महिना धाकट्या तुषारकडे, असं ठरलं. घरं समोरासमोर, मध्ये गल्लीचा रस्ता. पहिल्याच वर्षी एकतीसच्या महिन्यावरून दोन्ही सुनांची जुंपली. जुलै आणि ऑगस्ट दोन्ही एकतीसचे, पण फेब्रुवारी नेमका कुणाच्या वाट्याला, यावर भांडी आपटली. शेवटी मामांनी तोडगा काढला: इंग्रजी महिने सोडा, मराठी धरा. अमावास्येला आई घर बदलेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांचं वय झालेलं, आणि भावांना पंचांग फक्त मुहूर्तापुरतं ठाऊक. अधिक महिन्याची आठवण कुणालाच झाली नाही.

आता आईच्या पाठीतल्या पेटीचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून घडलं.

आई जिन्यावरून पडली तेव्हा तिच्या कण्यातली मज्जारज्जू एका जागी चेचली. मेंदू म्हणायचा चाल, आणि ते पायांपर्यंत पोचायचंच नाही. मिरजेला डॉक्टरांनी तिच्या पाठीत कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. ते मेंदूचा हुकूम चेचलेल्या जागेच्या वर उचलतं आणि खाली विजेच्या बारीक टिचक्यांनी पायांना देतं. पण माणसाचं चालणं दर पावलाला वेगळं. कुठे चढ, कुठे ओल, कधी थकवा, कधी नवी चप्पल. कोणती टिचकी कधी द्यायची हे गणित त्या काडेपेटीला झेपत नाही. ते दूरच्या मोठ्या संगणकावर क्षणाक्षणाला होतं. म्हणजे नेटवर्क असेल तर पाय आहेत, नसेल तर नाहीत. नेटवर्क गेलं की पेटी गुडघे हळूच वाकवते आणि माणसाला असेल तिथे खाली बसवते.

पूर्वी फोनमध्ये नखाएवढं सिमकार्ड असायचं. एक काढलं, दुसरं घातलं. कातडीखालच्या पेटीत कोण नख घालणार? म्हणून सिम आत कायमचं बसवलेलं असतं आणि त्यात लांबून, हवेतून, 'प्रोफाइल' उतरवतात. प्रोफाइल म्हणजे नंबर, कंपनी, गुप्त किल्ल्या आणि मुख्य म्हणजे हे सगळं कुणाच्या नावावर, ते. एका सिमवर चार प्रोफाइल सुखानं राहतात, पण एका वेळी जागं एकच. ज्याचं जागं, त्याच्या फोनवर पेटीचा ताबा. म्हाताऱ्या रुग्णाची पेटी काळजीवाहकाच्या नावावरच हवी असा नियम झालेला, त्यामुळे आईच्या पाठीत दोन प्रोफाइल होती: एक दादाचं, एक तुषारचं. आई घर बदलायची तेव्हा एक झोपायचं आणि दुसरं उठायचं.

हे मला इतकं माहीत, कारण माझी नोकरीच ती आहे. सांगलीत एका कचेरीत बसून मी अर्ध्या महाराष्ट्रातल्या लिफ्टची आणि पाण्याच्या मीटरांची प्रोफाइल चालू-बंद करते. लिफ्टला मुलगे नसतात, त्यामुळे तिथं भांडणं होत नाहीत.

गल्लीत पोचले तर आई खरंच रस्त्यात बसलेली. पाय पुढे पसरलेले, डोक्यावर पदर, शेजारी कपड्यांचं बोचकं. ऊन रणरणत होतं. दादा त्याच्या ओट्यावर, तुषार त्याच्या दारात, दोघांच्या बायका दोघांच्या मागे.

"हे बघ सुवर्णा," दादा सुरू झाला, "माझा वैशाख मी निभावला. अमावास्या संपली की माझं प्रोफाइल बंद व्हायचं लावून ठेवलं होतं, ती निम्म्या वाटेत असताना झालं. यात माझी चूक दाखव."

"आणि माझं ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेला चालू व्हायचं लावलंय," तुषार म्हणाला. "पण हा ज्येष्ठ नव्हे. अधिक ज्येष्ठ आहे, धोंड्याचा महिना. कंपनीच्या पंचांगालासुद्धा कळतं ते, या माणसाला कळंना."

"मग आता हातानं चालू कर की! एक बोट लावायचं काम आहे."

"मी का लावू? मी अधिक घेतला तर त्यामागचा निज, म्हणजे खरा ज्येष्ठ याचा. याला विचार, घेतो का?"

"मी का घेऊ?" दादा ओरडला. "माझ्यामागं तुझाच नंबर!"

बोट दोघांचंही लागत नव्हतं. ज्यानं आधी लावलं त्यानं महिन्याचा हिशेब मान्य केल्यासारखं झालं असतं.

"मला उन्हात बसवून पंचांग वाचायलेत माझे लेक," आई म्हणाली. "वाचू दे. शिकली-सवरलेली पोरं हायती."

मला भयंकर राग आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावतात, पाट मांडतात, अनारशांचं वाण देतात. माझ्या माहेरानं या वर्षी माझ्या नवऱ्याला वाणात सासूच दिली.

कुणाचंच प्रोफाइल जागं नसलं की सिम कारखान्यातून आलेल्या मुक्या प्रोफाइलवर येऊन पडतं. त्यावर पाय चालत नाहीत, फक्त नवं प्रोफाइल मागवता येतं. मी रस्त्यात आईशेजारी बसले, फोन काढला आणि माझ्या नावाचं प्रोफाइल मागवलं. रुग्णाची संमती म्हणून अंगठा लागतो.

"आई, अंगठा दे."

तिनं दिला. कशासाठी ते विचारलं नाही. थोड्या वेळानं तिच्या पोटऱ्या हलल्या, आणि माझा हात धरून ती उठली.

"मुलीच्या घरी राहणार होय आता?" अश्विनीवहिनी, म्हणजे दादाची बायको, पदर सावरत म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोकांनी रस्त्यात बसलेली बघितली तेव्हा काय म्हणाले, ते विचारा आधी," मी म्हणाले आणि गाडीचं दार आपटलं.

आम्ही कासार. आईनं सगळा जन्म बांगड्यांचं गाठोडं पाठीला लावून गावोगाव फिरण्यात घालवला. बागणी, दुधगाव, कवठेपिरान. तिला नावानं ओळखत नाही असं घर तिकडे सापडायचं नाही. 'चंद्राक्का आली' म्हटलं की बायका हातातलं काम टाकून ओसरीवर येत. त्याच गाठोड्यातून भावांचं दुकान उभं राहिलं. पाटीवर तिचंच नाव, 'चंद्रा कलेक्शन', आत काचेच्या कपाटांत नकली दागिने. आणि चंद्रा स्वतः दारोदार फिरते म्हणून दोन्ही घरांना लाज. म्हणून दोघांनीही तिच्या पेटीला हद्द घातलेली. घर बदलायचा दिवस सोडला, तर फाटकाबाहेर पाऊल पडलं की गुडघे वाकत. एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ तेवढ्या एका गोष्टीवर एकमतानं वागत होते.

मी हद्द काढून टाकली. मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

आईनं दुसऱ्याच दिवशी माझ्या नवऱ्याला, जयदीपला, गणपती पेठेत पिटाळलं आणि काचेच्या बांगड्या आणवल्या. मग ती आमच्या कॉलनीत सुटली. या बायकांनी बांगड्या कधी ऑनलाइन मागवलेल्या, कधी घातलेल्याच नाहीत. आई त्यांचा हात हातात घ्यायची, अंगठ्याचं हाड हलकेच दाबायची, आणि दोन मापं लहान वाटणारी बांगडी सरसर वर चढायची. बायका थक्क. "हात मऊ सोड, बाई. हात घट्ट धरलास तर काच तरी काय करंल?" असं ती सगळ्यांना सांगायची. संध्याकाळी घरी आली की पाय दुखतात म्हणून कुरकुरायची आणि ती कुरकुर ऐकून मला बरं वाटायचं. दुखायला पाय आहेत, म्हणून दुखतात.

हद्द काढली खरी, पण नकाशा मात्र मी उघडा ठेवला. कचेरीत एका पडद्यावर लिफ्ट, दुसऱ्या कोपऱ्यात आईचा हिरवा ठिपका. सुरुवातीला मी तो अधूनमधून बघायची. मग जेवताना बघायला लागले. मग दर फोन ठेवल्यावर.

दादाचे फोन सुरूच होते. "चौकात फिरते म्हणे. पडली तर तुझ्यावर केस करीन, सांगून ठेवतो. पेटी तुझ्या नावावर आहे, माझ्या नाही."

"तुझ्या नावावर होती तेव्हा कोंडून ठेवलीस."

"पण पडली का? पडली का एकदा तरी?"

मी त्याला शिव्या घालून फोन ठेवला. पण तो प्रश्न डोक्यात राहिला.

महिना सरत आला. निज ज्येष्ठातली वटपौर्णिमा जवळ येत होती आणि वटपौर्णिमेला नव्या बांगड्या भरल्याशिवाय आष्ट्याच्या बायका वडाकडे जात नाहीत. एका सकाळी कचेरीत माझं लक्ष गेलं तर ठिपका कॉलनीत नव्हता. तो एसटी स्टँडवर होता. मी आईला फोन लावला. तो घरात वाजला, जयदीपनं उचलला. "आई गाठोडं घेऊन गेल्यात. कुठं ते बोलल्या नाहीत."

ठिपका फलाटांच्या दिशेनं सरकत होता. तिथे बसगाड्या उलट्या मागे येतात. मला दादाचा आवाज ऐकू आला, पडली का एकदा तरी. पडद्यावर तांबडं बटण असतं, 'थांबवा'. खाली 'नक्की?' असं विचारतं. मी नक्की म्हटलं.

स्टँडवर पोचले तर आई आष्ट्याच्या गाडीजवळ जमिनीवर बसलेली. एक पाय गाडीच्या पायरीवर पडला होता तेव्हा गुडघे वाकले म्हणे. कंडक्टरनं दंड धरला म्हणून डोकं वाचलं. गाठोडं मात्र सुटलं होतं. हिरव्या चुड्यांचा चुरा चपलांखाली कचकचत होता.

कासाराच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. 'वाढवली' म्हणतात. आईनं बाबा गेले त्या दिवशीसुद्धा दुसरा शब्द तोंडातून काढला नव्हता. आज ती चुऱ्याकडे बघून म्हणाली, "समद्या फुटल्या."

मी तिला रिक्षात बसवलं. तिनं विचारलं, "पेटी बिगडली काय गं?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. "नाही. मी थांबवली. मला भीती वाटली."

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "मग त्या दोघांनी तुझं काय घोडं मारलंय? त्यांच्या नावानं बोटं मोडतीस ती?"

मी तिच्या साडीवरचा काचेचा चुरा झटकायला लागले. तिनं माझा हात बाजूला सारला. "ह्यातनं सुटायची काय वाट हाय का न्हाई?"

वाट होती. पूर्वी लोकांनी म्हाताऱ्यांना असंच कोंडल्यावर कायद्यानं ठेवलेली. ज्याच्या अंगात पेटी, तो स्वतःच्या अंगठ्यानं सिम संपूर्ण पुसू शकतो, कारखान्याच्या मुक्या प्रोफाइलसकट. पण नवं प्रोफाइल यायला जुन्याचाच रस्ता लागतो. विहिरीत उतरलेल्या माणसाचा दोर वरून कापावा तसं ते आहे. एकदा सगळं पुसलं की त्या सिमला पुन्हा कुणीच हाक मारू शकत नाही. मुलगे नाहीत, मी नाही, कंपनीही नाही. दुसरी पेटी म्हणजे दुसरं ऑपरेशन, आणि या वयात ते करणार नाही असं डॉक्टरांनी पहिल्याच वेळी बजावलेलं. मी तिला हे सगळं सांगितलं, जरा जास्तच भीती घालून सांगितलं. ती फक्त हूं म्हणाली. घरी आल्यावर मी तिचे पाय पुन्हा चालू केले. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. तेव्हापासून माझ्याशी बोलली नाही.

अमावास्येला दोघे भाऊ आले. एकत्र नव्हे, दोन गाड्यांतून, एकापाठोपाठ.

"उद्यापासून निज ज्येष्ठ. माझं प्रोफाइल आपोआप उठेल," तुषार म्हणाला. "आई, बोचकं भर."

"उठणार नाही," मी म्हणाले. "माझं जागं आहे आणि मी ते सोडणार नाही."

"तू कोण सोडणारी?" दादा उसळला. "आईला बसच्या पायरीवर पाडलंस! मला सगळं कळलंय. मी कंपनीकडे तक्रार करतोय. ताबा थोरल्याकडे पाहिजे, कायमचा. बास झाले हे महिने!"

"कायमचा? रस्त्यात बसवलीस ती विसरलास?"

"मी? यानं बसवली!"

"तुझा नंबर होता!" तुषार म्हणाला.

आम्ही तिघंही उभे होतो, तिघांच्याही हातात फोन. मी त्यांच्यापेक्षा वेगळी दिसत असेन असं मला वाटत नाही. जयदीप चहा घेऊन आला आणि तसाच मागे वळला.

"झालं?" आई खुर्चीत बसूनच म्हणाली. "सुवर्णे, ते पुसायचं काढ."

मी फोन पाठीमागे लपवला. "आई, नको."

"काढ म्हंते."

"काय पुसायचं?" दादानं विचारलं. मी सांगितलं. दोघांचेही चेहरे उतरले.

"आई, पाय जातील! कायमचे!" तुषार म्हणाला.

"माझं पाय कुटं हायत?" ती म्हणाली. "एक महिना ह्येचं, एक महिना तुझं, आन् मधला हिचं. माझा महिना कुटला, दावा पंचांगात."

तो पर्याय ज्याचं प्रोफाइल जागं त्याच्याच फोनवर दिसतो. म्हणजे माझ्या. मी नाही म्हणाले असते तर ती चालत राहिली असती, माझ्या घरात, माझ्या नकाशावर, आणि दोघे भाऊ हात चोळत गेले असते. मी जिंकले असते. मला ते हवं होतं, हे खोटं कशाला सांगू? आणि ती उद्यापासून चालणार नाही या विचारानं माझा जीव तुटत होता. पण तिचा चेहरा मी बघितला. स्टँडवर चुऱ्याकडे बघणारा तोच चेहरा होता, आणि तो मी केला होता.

मी फोन उघडून तिच्या मांडीवर ठेवला. अंगठा दे असं या वेळी म्हटलं नाही.

दादा पुढे झेपावला. "हात लावून तर बघ," आई म्हणाली, आणि तो जागच्या जागी थांबला. तिनं पडद्यावरची ओळ एकेक अक्षर लावत वाचली. वाचायला पुष्कळ वेळ लागला. मग तिनं अंगठा टेकवला.

तिचे पाय खुर्चीखाली जरासे सैलावले. हिरवा ठिपका गेला. पडद्यावर आलं, 'या उपकरणाशी संपर्क नाही.'

तुषार हमसून रडायला लागला. "काय केलंस हे, आई!"

"रडू नगंस. माझं म्या केलं," ती म्हणाली. "लांबनं कोण तरी बटण दाबतंय आन् मी बसतीया. कुणाशी भांडू मी? आता मला न्यायला माणूस लागंल. माणसाची कॉलर धरता येती."

तिनं खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बोट दाखवलं.

"धना, तू हिकडनं ये. तुषार, तू तिकडनं. हाताची खुर्ची करा, ल्हानपणी करत हुता तशी."

ते दोघे एकमेकांकडे न बघता वाकले. वाटणीनंतर त्यांनी एकमेकांना स्पर्श केलेला नव्हता. दादानं हात पुढे केला, तुषारनं तो आधी चुकीचा धरला, मग मनगटाला मनगट नीट अडकवलं. आईनं दोघांच्या मानेभोवती हात टाकले.

मी दार उघडलं. सवयीनं फोनकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं.

"कुठं जायचं, आई?" मी विचारलं.

"आदी उचला तर खरं," ती म्हणाली. "मग सांगते."